प्रॉम्प्टर नसलेलं नाटक

(१९९५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला आधी विषय दिला होता 'आयटीतली चोवीस वर्षं'. मी म्हटलं, त्यावर बोलले तर लोक माझं भाषण संपायच्या आतच जेवणाच्या रांगेत उभे राहतील. मग ते म्हणाले, "बरं, तुम्ही शनिवारी रात्री हिंजवडीला जमून जे काय खेळता, त्यावर बोल. वर्गाच्या ग्रुपवर फार उलटसुलट ऐकू येतं." म्हणजे काहींना वाटतं आम्ही तीन पत्ती खेळतो. एका मैत्रिणीच्या नवऱ्याला वाटत होतं की आम्ही प्लँचेट करतो! तर आज एकदाचा खुलासा करते.

सुरुवात शाळेपासूनच करते. नववीच्या स्नेहसंमेलनातलं आपलं ऐतिहासिक नाटक आठवतंय? मी त्यात होते, पण तुमच्यापैकी कुणालाही दिसले नाही. मी विंगेत वही घेऊन उभी होते, प्रॉम्प्टर म्हणून. आवाज लहान, पाठांतर चांगलं, त्यामुळे सरांनी माझी नेमणूक तिथे केली आणि ती अगदी बरोबर होती. प्रयोगात आपले महाराज वाक्य विसरले. मी विंगेतून तीनदा वाक्य पुरवलं. त्यांना ऐकू आलं नाही, की त्यांनी ऐकलं नाही, देव जाणे. ते सिंहासनावर मांडी ठोकून म्हणाले, "प्रधानजी, आज डब्यात काय आहे?" अख्खं सभागृह हसलं. प्रधानजी गडबडले नाहीत. म्हणाले, "महाराज, शेपूची भाजी." महाराज म्हणाले, "मग युद्ध उद्या!" आणि मी बिचारी विंगेत खरं वाक्य पुटपुटतच होते.

पुढे इंजिनिअर झाले, सॉफ्टवेअरमध्ये आले, तरी स्वभाव प्रॉम्प्टरचाच राहिला. वही तयार पाहिजे, पुढचं वाक्य माहीत पाहिजे.

आता खेळाबद्दल. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एकेक पात्र व्हायचं. एकानं सूत्रधार व्हायचं. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, "तू काय करतोस?" तुम्ही सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासे टाकायचे. यात जिंकणं-हरणं नाही. मिळून एक गोष्ट तयार होते, तीच कमाई. तेव्हापासून असे असंख्य खेळ निघाले. त्यातल्या काहींत लढाई आणि गुण मोजणं जास्त, तर काहींत गोष्टच मुख्य. आम्ही दुसऱ्या प्रकारातले.

२०१७ साली ऑफिसातल्या एका मुलानं मला हा खेळ दाखवला आणि मी पेटलेच. माझ्या घरी, फेज तीनच्या फ्लॅटमध्ये, पाच जण जमवले. तिघं आपल्याच वर्गातले, एक माझा नवरा आणि एक ऑफिसातला सहकारी, जो मूळ हिंजवडी गावचाच. मी चाळीस पानांची तयारी केली. कोण कुठे जाईल, मग काय होईल, सगळ्याचा फ्लोचार्ट. ड्रॅगन होता, जादूगार होता, आणि परदेशी पुस्तकात असते तशी एक खानावळ, तिथे बुरखा घेतलेला एक गूढ इसम.

पहिल्या पाच मिनिटांत आपल्या वर्गातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खानावळीत महिन्याचा डबा लागतो का?" दुसऱ्याला त्या गूढ इसमापेक्षा दाराशी बांधलेल्या बकरीत जास्त रस. तिसरा इंग्रजीत बोलायला लागला, तेही डब केलेल्या सिनेमातल्यासारखं, आणि दर वाक्यानंतर स्वतःच लाजायला लागला. मी त्यांना ओढून ओढून फ्लोचार्टवर आणत होते. चार शनिवार असेच गेले. पाचव्या शनिवारी तिघांना अचानक कामं निघाली. तेव्हा दोष मी वाकड पुलावरच्या ट्रॅफिकला दिला.

माझे डोळे उघडले ते कोकणात. सासर कुडाळ तालुक्यातलं. त्या वर्षी गावच्या जत्रेला गेलो होतो. देवळासमोर रात्री दशावतार होता. पायपेटी, पखवाज, झांज, थंडीत घोंगड्या पांघरून बसलेलं गाव. मी जुन्या सवयीनं प्रॉम्प्टर कुठे बसलाय ते शोधायला लागले. सापडेना. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगो, वहीच नाय तर वाचतलो कोण?" खरंच नसते. आज कुठलं आख्यान लावायचं, कोण राजा, कोण राणी, कोण राक्षस, प्रसंग कुठून कुठे जाणार, एवढं आपसात ठरतं. संवाद रंगमंचावर उभं राहून तिथल्या तिथे. राजा जे बोलेल ते ऐकूनच राक्षसाला उत्तर द्यावं लागतं. पाठ केलेलं वाक्य नाही म्हटल्यावर समोरच्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. आणि हे आजकालचं नव्हे, कोकणात पिढ्यान् पिढ्या चालू आहे. आपण अमेरिकेतून पुस्तकं मागवतोय आणि इथे देवळाच्या अंगणात पहाटेपर्यंत हेच चाललंय!

परत आल्यावर मी फ्लोचार्ट बाजूला ठेवला आणि सगळ्यांना पुन्हा बोलावलं. या वेळी ड्रॅगन नाही. एव्हरी आल्डर यांचा 'द क्वाएट इयर' नावाचा खेळ आहे, २०१३ सालचा. त्यात एका वस्तीचं एक वर्ष खेळायचं. मध्ये मोठा कागद, त्यावर सगळ्यांनी मिळून वस्तीचा नकाशा काढायचा. पत्त्यांचे बावन्न पत्ते म्हणजे बावन्न आठवडे, चार रंग म्हणजे चार ऋतू. पत्ता ओढला की त्या आठवड्यात वस्तीवर काहीतरी येतं आणि नकाशा बदलतो.

मूळ खेळातले ऋतू परदेशी. आम्ही पाडव्याला वर्ष सुरू केलं. बदाम म्हणजे उन्हाळा, चौकट पावसाळा, किलवर सुगी आणि इस्पिक थंडी. त्या खेळात नाराजीच्या खुणा असतात. गावानं काही ठरवलं आणि तुम्हाला पटलं नाही, तर भांडायचं नाही, एक खूण उचलून आपल्यापुढे ठेवायची. आम्ही त्यासाठी चिंचोके घेतले. वर्षाअखेर कुणापुढे किती चिंचोके साठलेत ते बघितलं की गावाचं खरं राजकारण कळतं. आणखी एक गंमत अशी की चर्चा ठेवली तर प्रत्येकानं एकदाच बोलायचं आणि चर्चेतून निर्णय काही होत नाही. आमचे हिंजवडीकर म्हणाले, "ही तर आमची ग्रामसभा!"

खरी अडचण शेवटाची होती. मूळ खेळात इस्पिकचा राजा निघाला की खेळ संपतो, कारण हिवाळ्यात कुणी बर्फाळ मेंढपाळ येतात. ते कोण, हे खेळ सांगत नाही, पण त्यांच्या येण्यानं सगळं बदलतं. हे मराठीत कसं आणायचं? धनगर म्हटलं तर फसतं. आपल्याकडे धनगर आले तर भीती कसली? शेतकरी स्वतः बोलावून रानात मेंढरं बसवून घेतो, खत मिळतं म्हणून. शब्दाला शब्द ठेवला असता तर शेवट आनंदाचा झाला असता. मग असं कोण आहे, ज्याच्या येण्यानं गावाचं सगळं बदलतं? उत्तर हिंजवडीकरांनीच दिलं. "मोजणीवाले."

सगळे गप्प झाले. आपण बसलो होतो ती जागाच मुळी तशी मिळालेली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस एमआयडीसीनं हिंजवडी-माण परिसरात आयटी पार्क सुरू केलं, आणि आम्ही पगार घेतो ते मजले कुणाच्या तरी भाताच्या खाचरांवर उभे आहेत. त्या रात्री आम्ही एका काल्पनिक गावाचा नकाशा काढला. ओढा, चिंच, खळं, दोन भावकींमधला बांध. हिंजवडीकरांनी सुरुवातीलाच एक सांगितलं, "देऊळ काढा, पण आमच्या म्हातोबाला खेळात आणायचं नाही." चैत्री पौर्णिमेच्या बगाडाला हा माणूस आजही रजा टाकतो. आम्ही मान्य केलं. देऊळ नकाशात राहिलं, देवाचं नाव कुणी घेतलं नाही. रात्री एक वाजता इस्पिकचा राजा निघाला. मला वाटलं आता काहीतरी उदास बोलतील. ते म्हणाले, "मोजणीवाल्यांना माझ्या आजीनं चहा दिला होता. म्हणजे या गावातली म्हातारीपण देणार." आणि त्यांनी नकाशात तिच्या ओसरीवर कपबशी काढली. तो कागद आजही माझ्याकडे आहे.

त्या दिवसापासून कुणी लाजलं नाही. पात्रं मराठीत बोलायला लागली, आणि मराठीत म्हणजे आपापल्या मराठीत. शनिवारी कामं निघणं बंद झालं.

मग मला धीर आला, आणि चूकही तिथेच झाली.

२०१९च्या उन्हाळ्यात मी नवीन गोष्ट काढली. पिंपरी-चिंचवडमधली एक काल्पनिक वसाहत, साल १९९२ ते ९४. आपलंच लहानपण. भोंगा, तीन पाळ्या, पाण्याची वेळ, रंगीत टीव्ही असलेलं एकच घर, दिवाळीच्या बोनसवर ठरणारी फ्रीजची खरेदी. त्यासाठी नियम घेतले 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळाच्या धर्तीवर. व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर या जोडप्याचा हा २०१० सालचा खेळ. दोन फासे टाकायचे आणि बेरीज करायची. फासे आमच्या 'व्यापार'च्या डब्यातले. दहा किंवा जास्त आले तर हवं ते मिळतं. सहा किंवा कमी आले तर सूत्रधार अडचण आणतो. सात ते नऊ आले तर काम होतं, पण किंमत मोजावी लागते. पतपेढीतून कर्ज मिळतं, पण जामीन म्हणून ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्या मेहुण्याची सही लागते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणजे सात ते नऊ आलं की घरच्यासारखं वाटतं."

या गोष्टीत मी एक घड्याळ ठेवलं होतं. म्हणजे कागदावर एक वर्तुळ, त्याचे सहा भाग. संकट जवळ आलं की एक भाग पेन्सिलीनं भरायचा. सहावा भरला की संकट दारात. संकट होतं कंपनीची टाळेबंदी.

जुलैमधल्या एका शनिवारी रात्री साडेअकराला सहावा भाग भरला, आणि मी प्रसंग सांगितला. पहाट, पहिल्या पाळीची माणसं डबे घेऊन गेटवर आलीत, गेटवर नोटीस. मग मी आणखी एक चित्र घातलं. नोटीस लागून महिना झाला तरी एक माणूस रोज सकाळी सहाला इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन घरातून निघतो, म्हणजे शेजाऱ्यांना कळू नये. संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळेला परततो. मला वाटलं, काय छान सुचलं!

ते सुचलेलं नव्हतं, आठवलेलं होतं. आठवीत असताना सकाळी क्लासला जाताना मी तो माणूस रोज पाहत होते. तो आपल्या वर्गातल्या एकाचा बाप होता, आणि तो मित्र त्या क्षणी माझ्या समोर बसला होता.

तो शांतपणे उठला. म्हणाला, "गाडी काढतो. ट्रॅफिक लागेल." रात्री पावणेबारा वाजता हिंजवडीत ट्रॅफिक नसतं. भूमकर चौकात त्या वेळी कुत्रीसुद्धा रस्त्याच्या मधोमध झोपलेली असतात. हे त्याला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं. तो गेला.

हे मी आज त्याला विचारून सांगतेय. तो म्हणाला, "नाव घेऊ नकोस, बाकी सांग. निम्म्या वर्गाला कळेल. कळू दे."

तीन महिन्यांहून जास्त काळ तो आला नाही. मी व्हॉट्सअ‍ॅपवर 'सॉरी' लिहायचे आणि पुसायचे. गणपती झाले, तरी त्याच्याकडे गेले नाही. शेवटी नवरा म्हणाला, "ऑफिसात प्रॉडक्शन बंद पडलं तर रात्री दोनला फोन उचलतेस. इथे काय झालं?" दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले.

मला वाटलं होतं तो म्हणेल, तू माझ्या वडिलांचा तमाशा केलास. तो ते म्हणाला नाही. त्यानं चहा केला आणि विचारलं, "तू पाहिलं होतंस त्यांना?" मी हो म्हटलं. "अजून कुणी?" मी म्हटलं, "बऱ्याच जणांनी. सगळ्यांना माहीत होतं रे." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सव्वीस वर्षं मला वाटतंय की कुणालाच माहीत नाही. मी मधल्या सुट्टीत डबा उघडताना झाकण आडवं धरायचो."

मित्रांनो, ते झाकण मलाही आठवतं. आपल्याला वाटायचं हा वाटून खात नाही, चिकट आहे. आपण त्याला तसं चिडवलंसुद्धा.

मी माफी मागितली. तो म्हणाला, "प्रसंग वाईट नव्हता. पण मला आधी विचारायचं होतंस." तिथे माझी ट्यूब पेटली. हिंजवडीकरांनी देवाबद्दल आपणहून सांगितलं होतं, म्हणून ते कुंपण आम्ही पाळलं. इतरांना मी विचारलंच नव्हतं. ड्रॅगन असेपर्यंत विचारायची गरज पडत नव्हती, कारण ड्रॅगननं आपल्यापैकी कुणाच्या बापाची नोकरी घालवलेली नाही. गोष्ट मराठीत आणली, घराजवळ आणली, तशी ती जिवंत झाली, हे खरं. पण जिवंत गोष्ट चावतेही. जितकी जवळची गोष्ट, तितकं आधी विचारायला हवं. हे मला कुणी पुस्तकातून सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि पुढे गेले असते.

पुस्तकात होतंही. या खेळांच्या जगात त्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत. रॉन एडवर्ड्स या खेळकर्त्यानं दोन याद्या सुचवल्या. एक रेषेची. ती कुणी ओलांडायची नाही, तो विषय गोष्टीत येणारच नाही. दुसरी पडद्याची. तो विषय गोष्टीत असेल, पण त्याचं वर्णन करायचं नाही, पडद्याआड होऊन जाऊ द्यायचं. आम्ही त्यांना 'कुंपण' आणि 'पडदा' म्हणतो. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी आणखी सोपी युक्ती काढली. टेबलाच्या मधोमध फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं. कुणालाही काही नकोसं झालं की त्यानं कार्डाला हात लावायचा, तो भाग तिथेच सोडून द्यायचा, आणि का ते विचारायचं नाही. आमच्याकडे त्या कार्डाच्या जागी पत्त्यांतला जोकर असतो. हे सगळं मी वाचलं होतं. पण तेव्हा वाटलं, हे अनोळखी लोकांसाठी असेल. आपण तर शाळेपासूनचे मित्र, आपल्याला एकमेकांचं सगळं माहीत.

दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी तो आला. आल्या आल्या त्यानं कुंपणाच्या यादीत दोन गोष्टी लिहिल्या. त्या मी सांगणार नाही. मग म्हणाला, "तो प्रसंग पुढे खेळू. पण मी मुलगा होणार नाही, आणि वडीलही होणार नाही. मी गेटवरचा वॉचमन होतो." मी विचारलं, "मग डबेवाला माणूस कोण?" त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

सूत्रधाराला बाकी सगळी पात्रं करावी लागतात, त्यात नवीन काही नाही. पण त्या रात्री माझ्याजवळ एकही वाक्य तयार नव्हतं. मी डबा घेऊन गेटजवळच्या झाडाखाली उभी राहिले, म्हणजे तसं सांगितलं. वॉचमननं विचारलं, "साहेब, रोज इथं का येता?" मी म्हटलं, "सवय." तो म्हणाला, "आत सोडायची ऑर्डर नाही." मी म्हटलं, "माहीत आहे." मग बराच वेळ कुणी बोललं नाही. तो म्हणाला, "मला त्यांना आत घ्यायचंय. कँटीनमध्ये बसून जेवू दे त्यांना." शंका होती, म्हणून फासे टाकायला दिले. पाच आणि तीन. आठ.

आठ म्हणजे होतं, पण किंमत मोजून. मी किंमत सांगितली, "तुझी नोकरी जाऊ शकते. सुपरवायझरनं पाहिलंय." तो म्हणाला, "पाहू दे." मग त्यानं आपल्या टपरीतलं स्टूल पुसलं, स्वतःचा डबा उघडला आणि म्हणाला, "काका, बसा. भाजी तुमची घेतो, चटणी माझी घ्या."

यात कुणी रडलं नाही. म्हणजे डॉक्टरीणबाई चष्मा पुसत होत्या, पण त्या नेहमीच पुसतात. हिंजवडीकर आत जाऊन खिचडी गरम करून घेऊन आले. जाताना तो मित्र पायात चप्पल सरकवत म्हणाला, "पुढच्या शनिवारी किती वाजता?"

पुढे त्यानं आईला विचारलं, बाबा त्या दिवसांत कुठे जायचे. वडील आता नाहीत. आई म्हणाल्या, चिंचवड स्टेशनच्या बाकावर. आणि त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी रोज डबा भरून द्यायच्या.

मला कुणी म्हणतं, म्हणजे हा मानसोपचारच. अजिबात नाही. मी सॉफ्टवेअरची बाई आहे, मला त्यातलं काही कळत नाही, आणि कुणाच्या जखमेवर प्रयोग म्हणून हा खेळ कुणी करू नये. दहापैकी नऊ शनिवारी आमच्या गोष्टीत गच्चीवरचा अँटेना वाऱ्यानं फिरतो, कुणाची तरी बकरी हरवते, आणि आम्ही हसून हसून बेजार होतो. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये पाच खिडक्यांमधून हाच खेळ चालू ठेवला. जोकर पुढे सरकवता येईना, तर ज्याला नको असेल त्यानं कॅमेऱ्यावर हात ठेवायचा, असं ठरलं. त्या दोन वर्षांत तो हात कधीकधी पडला, आणि आम्ही काही न विचारता दुसरीकडे गेलो.

तुमच्यापैकी कुणाला हे करून बघायचं असेल तर चार गोष्टी सांगते. एक, चार-पाच जण पुरे. सहा झाले की कुणीतरी फोन बघायला लागतं. दोन, तयारी उत्तरांची करू नका, प्रश्नांची करा. 'तुझ्या घराला कुलूप कोण लावतं?', 'गल्लीत तू कुणाचं नाव घेत नाहीस?' असा एक चांगला प्रश्न चाळीस पानांचं काम करतो. तीन, गोष्ट तुमच्या गावात, तुमच्या बोलीत आणा, पण शब्दाला शब्द ठेवू नका. ती गोष्ट इथे घडली असती तर कोण आलं असतं, ते शोधा. आणि चार, सुरुवातीला कुंपण विचारा. पंचवीस वर्षांच्या मित्रालाही विचारा. त्यालाच आधी विचारा.

सर, तुम्ही मला विंगेत उभं केलं त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तिथूनच सगळ्यांचे चेहरे दिसायचे. फक्त तेव्हा माझं लक्ष वहीत असायचं. महाराज आणि प्रधानजी दोघंही आज समोर बसलेत. शेपूची भाजी कुणालाच पाठ नव्हती, पण तीस वर्षांनंतर आपल्याला त्या नाटकातलं तेवढंच आठवतंय.

उद्या रविवारी सकाळी दहाला आपल्या जुन्या दहावी 'ब'च्या वर्गात मी येणार आहे. मोठा कागद, पेन्सिली, पत्ते आणि चिंचोके घेऊन. १९९४-९५ सालच्या आपल्या शाळेचा नकाशा काढायचा आहे. स्टाफरूम बाईंनी काढावी अशी माझी विनंती आहे, कारण ती आम्ही आतून कधी पाहिलीच नाही. सुरुवातीला मी एक कोरा कागद फिरवीन. नकाशात काय नको, ते प्रत्येकानं त्यावर लिहायचं, नाव न घालता. मग पहिला पत्ता ओढू. बदाम एक्का निघाला तर जूनमधला पहिला दिवस, नव्या वह्यांचा वास आणि गळकं छप्पर. पुढे काय होतं ते मला माहीत नाही.

येताना चहा घेऊन या.